मुतखडा कां होतो व कोणास होतो?

वैशाखांत दिवसभर नांगरटीस राबणाऱ्याच्या अंगांतील पाणी घामावाटे जातें. मूत्र थोडें व दाट होतें, आणि त्यांतील क्षारांचे स्फटिक मूत्रपिंडांत सांचून खडा बनतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. म्हणून कित्येक दूध सोडतात. ही चूक होय. दुधांतील कॅल्शियम ऑक्झलेटास आंतड्यांतच बांधून ठेवतें. मीठ मात्र कमी खावें. ज्यांच्या घराण्यांत हा विकार आहे किंवा ज्यांस तो एकदां झाला आहे, त्यांनीं विशेष जपावें; दिवसाकाठीं अडीच लिटर मूत्र होईल इतकें पाणी प्यावें. कळांसह ताप आल्यास किंवा लघवी अडल्यास विलंब न करितां डॉक्टर गांठावा. बैलांस वेळेवर पाणी पाजणाऱ्यानें स्वतःची तहान मारूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.