लोक जैवविविधता नोंदवही : राष्ट्रीय धोरणाचा गावपातळीवरील पाया

जगाच्या एकूण भूभागापैकी केवळ २.४ टक्के भूभाग भारताच्या वाट्याला आला आहे. परंतु आजवर नोंदल्या गेलेल्या सजीव जातींपैकी सुमारे ७ ते ८ टक्के जाती या भूमीवर आढळतात. ही संपत्ती केवळ अभयारण्यांत सामावलेली नाही. ती शेताच्या बांधावर, गावतळ्यात, देवराईत आणि गोठ्यातही आहे. म्हणूनच तिच्या रक्षणाचे धोरण दिल्लीत आखले गेले, तरी त्याची अंमलबजावणी गावातच व्हावी लागते.

धोरणाची वाटचाल

रिओ दि जानेरो येथे १९९२ मध्ये भरलेल्या वसुंधरा परिषदेत जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार स्वाक्षरीसाठी खुला करण्यात आला. भारताने १९९४ मध्ये त्यास संमती दिली. जैवविविधतेचे संवर्धन, तिचा टिकाऊ वापर आणि त्यापासून मिळणाऱ्या लाभाचे न्याय्य वाटप, ही या कराराची तीन उद्दिष्टे होत. त्यांना कायद्याचे रूप देण्यासाठी संसदेने जैविक विविधता अधिनियम, २००२ संमत केला. या अधिनियमाने त्रिस्तरीय रचना निर्माण केली : चेन्नई येथे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, राज्यात जैवविविधता मंडळ आणि स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती. महाराष्ट्राचे मंडळ २०१२ मध्ये स्थापन झाले असून त्याचे कार्यालय नागपूर येथे आहे.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथे २०२२ मध्ये नवी जागतिक उद्दिष्टे निश्चित झाली. त्यांना अनुसरून भारताने २०२४ मध्ये आपला सुधारित राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०३० पर्यंत साध्य करावयाची २३ लक्ष्ये आहेत. मात्र गावात काय आहे याची विश्वसनीय नोंद नसेल, तर वरच्या पातळीवरील लक्ष्य आकड्यांपुरतेच उरते.

नोंदवहीचे स्वरूप

ही नोंद करण्याचे साधन म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून ती तयार करणे हे समितीचे प्रमुख कार्य आहे. या नोंदवहीच्या कल्पनेचा पाया घालण्यात ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता.

काळभात, जिरवेल यांसारखी भाताची स्थानिक वाणे. डांगी, देवणी, खिल्लार या गोवंशाच्या जाती. टाकळा, करटोली, भारंगी या रानभाज्या. हिरडा, मोह, चारोळी ही वनोपजे. तसेच ओढ्यातील मासे व पाणवठे यांची माहिती तीत यावी लागते. एखादे वाण पूर्वी किती घरांत होते, आज किती घरांत उरले आणि ते का मागे पडले, हा तपशील नुसत्या नामावलीपेक्षा अधिक मोलाचा ठरतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांच्या जतनाचे जे कार्य केले, त्याचा २०२० च्या पद्मश्री किताबाने गौरव झाला. असे ज्ञान गावोगावी, विशेषतः स्त्रियांपाशी आहे. ते जाणणारी पिढी काळाच्या ओघात निघून गेली, तर ते पुन्हा मिळविण्याचा मार्ग उरणार नाही.

हक्काचे साधन

नोंदवही ही हक्काचीही बाब आहे. आपल्या क्षेत्रातून व्यापारी हेतूने जैविक संसाधने गोळा करणाऱ्यांवर संकलन शुल्क आकारण्याचा अधिकार कायद्याने समितीला दिला आहे. प्राधिकरणाने व मंडळाने गावाच्या क्षेत्रातील संसाधनांच्या वापराबाबत निर्णय घेताना समितीचा सल्ला घ्यावा, अशीही तरतूद आहे. संवर्धनासाठी व लोकांच्या हितासाठी स्थानिक जैवविविधता निधी उभारता येतो. परंतु आपल्या रानात काय आहे हेच ज्या समितीला ठाऊक नाही, ती शुल्क कशावर आकारणार आणि सल्ला कोणता देणार?

घाईचे दुष्परिणाम

कायदा होऊन दीड दशक लोटले, तरी असंख्य गावांत समित्या नव्हत्या. अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये, समित्या व नोंदवह्यांचे काम ३१ जानेवारी २०२० पर्यंत पूर्ण न करणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील, असा आदेश दिला. त्यामुळे कामाला गती आली. पण गतीबरोबर घाईही आली. शेजारच्या गावाची यादी उतरवून घेतलेली नोंदवही मुदत पाळते, गावाच्या उपयोगी मात्र पडत नाही. ग्रामसभेत वाचली न गेलेली आणि कपाटात बंद राहिलेली नोंदवही असून नसल्यासारखीच होय.

याउलट, स्थानिक श्रद्धा व शास्त्रीय अभ्यास यांची सांगड बसल्यास काय घडते, याची उदाहरणे सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत. आंबोली येथील मंदिराच्या तळ्यात आढळणाऱ्या माशाची २०२० मध्ये नवी जाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये ते स्थान जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आले. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाच्या दलदलीलाही त्याच वर्षी हा दर्जा मिळाला.

कर्तव्याची दिशा

नोंदवही जिवंत ठेवण्यासाठी पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा ग्रामसभेत तिचे वाचन करून नवी भर घालावी. समितीवर गुराखी, मासेमार, वैदू आणि बियाणे राखणाऱ्या स्त्रिया यांना स्थान द्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी झाडांच्या फुलोऱ्याच्या व पक्ष्यांच्या आगमनाच्या नोंदी ठेवाव्यात. वैदूंचे औषधीज्ञान त्यांच्या संमतीनेच नोंदवावे व त्याची गुप्तता पाळावी. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी नोंदवहीची केवळ पृष्ठसंख्या न पाहता, तिच्या आधारे गावाने कोणता निर्णय घेतला, हे विचारावे.

जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते, म्हणून शेतकरी तो उतारा जपून ठेवतो. गावाच्या जीवसृष्टीची नोंदही तितक्याच दक्षतेने जपली गेली, तर राष्ट्रीय धोरणाला भक्कम आधार लाभेल आणि गावाचा हक्क गावाकडेच राहील.