पाण्याचा शेवटचा टप्पा : मुख्य टाकीपासून घरच्या पेल्यापर्यंत



पाणी शुद्धीकरणाचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. तुरटी फिरवणे, गाळणे, उकळणे, क्लोरीन टाकणे हे सगळं मुलांना तोंडपाठ असतं. पण मुख्य टाकीतून निघालेलं पाणी आपल्या पेल्यात येईपर्यंत कुठून कुठून जातं, हे सहसा कोणी विचारत नाही. पावसाळ्यात कावीळ आणि जुलाब सुरू झाले की याच टप्प्याकडे बघावं लागतं. म्हणून हा पाठ.

हिरवं कार्ड कुठपर्यंत?

ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होतं. त्यावरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. हे कार्ड विहीर, बोअर, टाकी आणि मुख्य वाहिनी यांच्याबद्दल सांगतं. आपल्या दारातल्या जोडणीपासून पुढचा पाइप, गच्चीवरची टाकी आणि स्वयंपाकघरातला नळ यांची जबाबदारी आपलीच.

आपल्या कशेळे भागात भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्राच्या पाण्यामुळे पेज नदी उन्हाळ्यातही वाहती असते. पण नदीला पाणी असलं म्हणून नळाला दिवसभर पाणी येतं असं नाही. पाणी ठरावीक वेळीच सुटतं आणि घरातला धोका नेमका इथूनच सुरू होतो.

पाइप रिकामा झाला की काय होतं?

वाहिनीत दाब असतो तेव्हा फुटक्या जागेतून पाणी बाहेर गळतं. पुरवठा बंद झाला की दाब जातो आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत झिरपतं. पाइप गटारातून किंवा शोषखड्ड्याजवळून गेला असेल तर आत काय येईल, हे वेगळं सांगायला नको. काही घरांत नळाला थेट मोटर लावतात. ती मोटर पाणी ओढते, तशी फटीतली घाणही ओढते, आणि शेजाऱ्याचंही पाणी कमी करते.

दुसरी चूक रबरी नळीची. नळी नळाला लावून तिचं टोक बादलीत, हौदात किंवा गुरांच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं असतं. दाब गेला की ते पाणी उलटं पाइपात येतं. नळीचं टोक नेहमी पाण्याच्या वर राहिलं पाहिजे.

तिसरी चूक म्हणजे बोअरची आणि पंचायतीची लाइन एकाच पाइपाला जोडणं. मधे उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह नसेल तर एका घरातलं बोअरचं पाणी अख्ख्या आळीच्या लाइनमध्ये जाऊ शकतं.

टाकीत क्लोरीन उरतो का?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पाण्यात दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. तो पुढच्या प्रवासातल्या जंतूंसाठी राखीव असतो. पण टाकीत गाळ आणि शेवाळ असेल किंवा पाणी कित्येक दिवस साठून असेल, तर हा क्लोरीन तिथेच संपतो. आठवडाभर कुलूप असलेल्या फार्महाऊसची टाकी हे आपल्या तालुक्यातलं नेहमीचं उदाहरण. शनिवारी आल्यावर त्या नळाचं पाणी लगेच प्यायला घेऊ नका. टाकी रिकामी करून ताजं पाणी भरा.

टाकीला घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी हवी. वर्षातून निदान दोनदा टाकी घासून धुवा, त्यातली एक वेळ पावसाळ्याआधीची असू द्या.

पाइप कशाचा आहे?

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी घेतलं. ते पाणी पाइप जास्त गंजवणारं होतं आणि गंज रोखणारं द्रव्य त्यात मिसळलं नाही. जुन्या शिशाच्या जोडण्यांमधलं शिसं पाण्यात उतरलं आणि लहान मुलांच्या रक्तापर्यंत पोचलं. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

आपल्याकडे शिशाचे पाइप सहसा नसतात. पण पीव्हीसी पाइप टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाचं संयुग वापरत असत. ते काढून टाकण्यासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम केले. काही पितळी नळांतही थोडं शिसं असतं. मानकातली मर्यादा दर लिटरला 0.01 मिलिग्रॅम इतकी कडक आहे. आणि लक्षात घ्या, उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही. म्हणून नवीन पाइप घेताना त्यावर आयएसआय खूण आणि आयएस 4985 हा क्रमांक बघा. वायरिंगचा किंवा सांडपाण्याचा पाइप स्वस्त पडतो म्हणून पिण्याच्या पाण्याला वापरू नका.

वर्गात घ्यायचे उपक्रम

1. मुलांना घरी जाऊन नळाच्या पाण्याचा नकाशा काढायला सांगा : रस्त्यावरची लाइन, दारातली जोडणी, टाकी, स्वयंपाकघरातला नळ, हंडा. गटार, शोषखड्डा, ओली जमीन आणि गळती लाल पेन्सिलीने दाखवायची.

2. गणिताच्या तासाला दंडगोलाचं घनफळ घ्या. आतून 15 मिलिमीटर व्यासाच्या 10 मीटर पाइपात किती पाणी मावतं? त्रिज्या 0.75 सेंटिमीटर, लांबी 1000 सेंटिमीटर, म्हणजे 3.14 × 0.75 × 0.75 × 1000. उत्तर साधारण 1766 घन सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन लिटर. रात्रभर पाइपात साठलेलं पाणी एवढंच असतं! सकाळी पहिले दोन लिटर बादलीत काढा, झाडांना घाला आणि मग हंडा भरा. पाइप जास्त लांब असेल तर मुलं स्वतःच हिशोब करतील.

3. जलसुरक्षकांना शाळेत बोलवा. ते पाण्याच्या नमुन्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकून दाखवतील. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. मुख्य टाकीजवळचा, शाळेच्या टाकीतला आणि एखाद्या घरातला असे तीन नमुने शेजारी ठेवा. पिवळा रंग कुठे फिका होतो, हे मुलं स्वतः बघतील. ओटी टाकलेलं पाणी कोणी प्यायचं नाही, ते लगेच ओतून टाकायचं.

पालकहो, नकाशा घेऊन मूल घरी आलं की "अभ्यासाचं काहीतरी आहे" म्हणून बाजूला ठेवू नका. त्याच्यासोबत गच्चीवर जा, टाकीचं झाकण उघडून बघा. लाल खूण गटाराजवळ आली असेल तर पाऊस सुरू होण्याआधी प्लंबरला बोलवा आणि पाइप वर उचलून घ्या. एका जोडाचा खर्च दवाखान्याच्या एका फेरीपेक्षा नक्कीच कमी असतो.