उष्णताप्रिय सूक्ष्मजीवांनाही चटका बसतो!

"गरम झऱ्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवाला उष्णता बाधेल काय?" असे सरांनी वर्गात विचारताच मी छातीठोकपणे "नाही" म्हणालो. उत्तर चुकले, म्हणूनच हा लेखप्रपंच.

सल्फोलोबस हा आर्किया गटातील सूक्ष्मजीव गंधकयुक्त, आम्लधर्मी झऱ्यांत ७०-८० अंश सेल्सिअसला सुखाने वाढतो. परंतु तापमान एकाएकी आणखी चढले, की त्याच्याही प्रथिनांच्या घड्या उलगडू लागतात व त्यांच्या गुठळ्या होतात. उकडताना अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तसाच हा प्रकार. अशा वेळी पेशी इतर कामे मागे टाकून 'उष्माघात प्रथिने' भराभर तयार करते. त्यांपैकी थर्मोसोम म्हणजे दोन कडी एकमेकांवर ठेवून झालेले जणू पोकळ पिंपच. उलगडलेले प्रथिन पोटात घेऊन ते त्याची घडी पुन्हा नीट बसविते.

१९९० मध्ये जोनाथन ट्रेंट व सहकाऱ्यांनी ७० अंशांवर वाढविलेल्या पेशी प्रथम तासभर ८८ अंशांत ठेवल्या. पुढे ९२ अंशांच्या मारक उष्णतेत त्या इतर पेशींपेक्षा अधिक तगल्या.

तात्पर्य, ७० अंश हे आपल्याला मरण, तर त्याला घर. मात्र घरातला पारा अचानक चढला, तर त्यालाही धावपळ करावीच लागते. सर, आता माझे उत्तर बरोबर आहे ना?