पिकअपच्या मागे सायकली लावण्याआधी

पिकअप ट्रकच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीवर, बसवायचा सायकल रॅक घ्यायला गेलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती सायकली मावतील?" माझ्या अनुभवावरून सांगतो, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी वजन विचारा, ट्रकचा मागचा फाळका उघडेल का ते बघा आणि आपण कुठल्या रस्त्यांवर जाणार आहोत याचा विचार करा.

आम्ही कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ राहतो. उन्हाळा लागला की इथून आय-७० महामार्गानं पश्चिमेकडे फ्रुटा, मोआबला सायकली घेऊन जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. इथल्या मराठी घरांतही आता माउंटन बाइक आणि ई-बाइक आल्या आहेत. ओळखीतलं कुणी ना कुणी दर मोसमात "कुठला रॅक घेऊ?" असं विचारतं, आणि प्रत्येकाला मी आधी आमच्या रॅकची हकीकत सांगतो.

आमच्या चार सायकली. मुलांच्या दोन साध्या, प्रत्येकी ३० पाउंडांच्या. आम्हा दोघांच्या ई-बाइक, प्रत्येकी ६० पाउंडांच्या. रॅक चाकं धरणाऱ्या चार ट्रेंचा, त्याचं स्वतःचं वजन ८५ पाउंड. रॅक लावल्यावर ट्रकचा फाळका पूर्ण खाली पडेना, म्हणून दुकानातल्या माणसानं हिच आणि रॅक यांच्यामध्ये एक लोखंडी जोडनळी बसवून दिली. तिला इकडे एक्स्टेंडर म्हणतात. "तुमचा हिच ५०० पाउंडांचा आहे, निर्धास्त जा," असं तो म्हणाला. त्या हंगामात आम्ही फ्रुटाला निघालो.

डेन्व्हर ते फ्रुटा अडीचशे मैलांचा डांबरी रस्ता काही तक्रार न होता पार पडला. गावाच्या उत्तरेला वाळवंटी भागातल्या सायकलवाटांकडे '१८ रोड' जातो. त्याचं डांबर संपलं की पुढे मातीचा रस्ता, आणि त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या. तिथे मागून येणाऱ्या एका जीपवाल्यानं दिवे मारून, हॉर्न वाजवून आम्हाला थांबवलं. उतरून पाहिलं तर जोडनळीचा वेल्डिंगचा सांधा तडकला होता. रॅक एका अंगाला कलला होता आणि सगळ्यात बाहेरची ई-बाइक जमिनीपासून वीतभर अंतरावर लोंबत होती. त्याच्या थोडाच वेळ आधी आम्ही महामार्गावर ताशी ७५ मैलांच्या वेगानं धावत होतो. सांधा तिथे सुटला असता तर ८५ पाउंडांचा रॅक चार सायकलींसह मागच्या गाडीच्या काचेवर गेला असता.

त्यानंतर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दोन ई-बाइक १२०, दोन साध्या सायकली ६०, रॅक ८५. एकूण २६५ पाउंड, म्हणजे सुमारे १२० किलो. हिचची क्षमता ५०० पाउंड असली तरी जोडनळी बसवली की ती साधारण निम्मी धरायची असते. म्हणजे २५०. आमचं ओझं त्यापेक्षा १५ पाउंडांनी जास्त होतं, आणि तेही गाडी उभी असताना. खडबडीत रस्त्यावर प्रत्येक धक्क्यासरशी सांध्यावर येणारा भार याच्या कितीतरी पट होतो. ओझं हिचपासून जितकं लांब, तितकी तरफ मोठी आणि तितका ताण जास्त. शिवाय हौदा रिकामा असला की पिकअपचं मागचं अंग हलकं आणि स्प्रिंगा कडक असतात, त्यामुळे मागे लावलेल्या वस्तूला कारपेक्षा जोराचे हिसके बसतात.

तेव्हा पहिला नियम हा: ओझं ज्या ज्या भागातून ट्रकवर येतं, त्यातला सर्वांत कमी आकडा तुमचा. ट्रकच्या पुस्तिकेत एक आकडा असतो, हिचच्या लेबलवर दुसरा, जोडनळीवर तिसरा, रॅकवर एकूण वजनाचा चौथा आणि दर ट्रेचा पाचवा. हिचच्या लेबलवर ओढण्याचं वजन हजारो पाउंडांत लिहिलेलं असतं. रॅकसाठी तो आकडा बघायचा नाही. हिचवर उभा पडणारा भार, म्हणजे 'टंग वेट' बघायचा. हा आकडाही काही लेबलांवर दोन रकान्यांत असतो. 'वेट डिस्ट्रिब्यूटिंग' लिहिलेला मोठा आकडा ट्रेलरच्या खास जोडणीसाठी आहे, रॅकला तो लागू नाही. दर ट्रेची मर्यादाही तितकीच महत्त्वाची, कारण ३५-४० पाउंडांसाठी बनवलेल्या ट्रेवर ६० पाउंडांची ई-बाइक चढवली तर एकूण बेरीज मर्यादेत असूनही ट्रे वाकतो. ई-बाइकची बॅटरी काढून गाडीत ठेवा. सात-आठ पाउंड कमी होतात आणि पावसापाण्यापासून बॅटरीही वाचते.

दुसरी गोष्ट रिसीव्हरची, म्हणजे ट्रकखालच्या, ज्यात रॅक सरकवतात त्या चौकोनी भोकाची. बहुतेक पिकअपना ते २ इंचाचं असतं. जास्त वजनाच्या मोठ्या ट्रकना अडीच किंवा ३ इंचाचं येतं आणि २ इंची रॅक बसवायला आत एक बाही सरकवावी लागते. अशा प्रत्येक जोडाबरोबर थोडी फट येते, आणि फट आली की रॅक डुलायला लागतो. म्हणून नुसती पिन सरकवून बसणारा रॅक घेऊ नका. पिन पिळून आवळता येते असा, किंवा आतली पाचर फुगून रिसीव्हरला घट्ट धरते असा रॅक घ्या.

तिसरी गोष्ट फाळका. कारची डिकी वर उघडते, पिकअपचा फाळका खाली पडतो, थेट रॅकच्या अंगावर. बरेच रॅक मागे झुकतात, पण तेवढ्यानं फाळका सुटतोच असं नाही. त्यामुळे ट्रक दुकानात घेऊन जा. रॅक लावून, झुकवून, त्यावर सायकली चढवून फाळका उघडून बघा. जीएमसीच्या सिएरावर २०१९पासून मिळणाऱ्या 'मल्टिप्रो' फाळक्याचा आतला भाग वेगळा खाली पडतो आणि हिचमध्ये काही बसवलेलं असेल तर त्यावर आदळतो. अशा फाळक्याला जास्त जपा. झुकवून भागत नसेल तर दारासारखा बाजूला फिरणारा रॅक घ्या. तो महाग असतो आणि त्याचं वजनही बेरजेत धरावं लागतं. पण तडजोड म्हणून जोडनळी लावू नका.

चौथी गोष्ट, सायकल कुठे धरली जाते. जुन्या पद्धतीच्या रॅकवर सायकल आडव्या नळीला टांगतात. असा रॅक स्वस्त आणि हलका असतो. दोन साध्या सायकली घेऊन डांबरी रस्त्यानं जवळपास जायचं असेल तर तो पुरतो. पण कार्बनच्या फ्रेमवर शिकंजा आवळला तर ती चिरडू शकते, आणि बुटक्या नळीच्या किंवा आडवी नळीच नसलेल्या सायकली त्यावर नीट टांगता येत नाहीत. त्यांच्यासाठी चाकांना धरणारा ट्रेचा रॅक हवा. सायकल धरणारा हुक पुढच्या चाकावर येत असेल तर मडगार्ड आड येतं का ते पाहा. चाकांचा व्यास, टायरची रुंदी आणि दोन चाकांमधलं अंतर हे तिन्ही रॅकच्या मर्यादेत बसायला हवेत. लहान मुलांच्या सायकलींसाठी बऱ्याचदा वेगळा जोड लागतो.

सायलेन्सरची नळी कुठे उघडते ते आवर्जून बघा. तिच्या तोंडासमोर चाक आलं तर लांबच्या चढावर तापलेल्या धुरानं टायर फुटतो आणि कार्बनची रिम कायमची खराब होते. सायकलींची दिशा बदलून किंवा ट्रे सरकवून चाक बाजूला काढा. जमत नसेल तर तो रॅक तुमच्या ट्रकचा नाही.

कॅम्पिंगचा ट्रेलर ओढत असाल तर हिच आधीच अडलेला असतो, आणि मग रॅक ट्रेलरच्या मागे लावायचा मोह होतो. ट्रेलरचं मागचं टोक ट्रकपेक्षा खूप जास्त उसळतं. पुस्तिकेत ट्रेलरसाठी स्पष्ट परवानगी असेल तरच लावा; बहुतेक रॅकना ती नसते. मातीच्या रस्त्यांसाठीही तसंच, परवानगी वाचूनच जा.

रॅकमुळे नंबर प्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत ना ते पाहा. प्लेटचा कायदा राज्याराज्यात वेगळा आहे, पण झाकलेली प्लेट पोलिसांना गाडी थांबवायला पुरेशी ठरू शकते.

हे सगळं जुळत नसेल तर हिचचा हट्ट सोडा. पिकअपला हौदा आहे. फाळक्यावर जाड गादी टाकून पुढची चाकं बाहेर सोडून सायकली नेता येतात. फाळक्यावरचा कॅमेरा झाकला जातो आणि रंगाला ओरखडे पडू शकतात, पण हिचवर भार येत नाही.

निघाल्यावर दहा-पंधरा मैलांनी थांबून पिन आणि पट्टे ओढून बघा. मातीचा रस्ता लागला की वेग कमी करा आणि पुन्हा थांबून बघा. हिवाळ्यात इथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, त्यानं पिन गंजून अडकते; वापर नसेल तेव्हा रॅक काढून ठेवा.

दुकानात जाताना वजनांची बेरीज कागदावर लिहून न्या आणि रॅकची पुस्तिका मागून घ्या. "काही होत नाही" हे उत्तर स्वीकारू नका, आकडा दाखवायला सांगा. रॅकवर सायकली तुमच्या असतात, पण तो तुटला तर संकट कोसळतं मागून येणाऱ्या अनोळखी कुटुंबावर. आपल्या सहलीची किंमत त्यांनी मोजू नये, एवढी काळजी रॅक निवडतानाच घ्यायची असते.