सिकलसेल : मोफत तपासणीपासून कोटींच्या उपचारापर्यंत

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः कळमनुरी तालुक्यातल्या आंध आदिवासींच्या वस्त्यांत, सोयरिकीची बोलणी सुरू होण्याआधी मुलामुलीची सिकलसेल तपासणी झालीच पाहिजे. रक्ताचा हा आजार आईवडिलांकडून मुलांत येतो, संसर्गाने पसरत नाही. आदिवासींप्रमाणे अनुसूचित जाती व इतर मागासवर्गातही तो आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही त्यांच्यात सिकलचा एक जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहकाला सहसा उपचार लागत नाहीत. त्याने लग्न जरूर करावे, फक्त जोडीदार सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा वाहक नसावा.

तपासणी : शून्य रुपये
केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी त्यात मोफत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. सोल्युबिलिटी चाचणीतून सिकल असल्याचे कळते, पण व्यक्ती वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तचाचणी करून घ्या. खासगी प्रयोगशाळेत एचपीएलसीला साधारण 500 ते 1,500 रुपये पडतात. थेंबभर रक्तावर काही मिनिटांत वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखणारे किटही आता आले आहेत. गावातच पक्का निकाल मिळावा, ही संशोधनाची आजची एक मोठी दिशा आहे.

औषध आणि रक्त
हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. सरकारी दवाखान्यात ते मोफत मागा आणि रक्ततपासणी करत राहा. हे औषध चालू असताना मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. सिकलसेल रुग्णाला सरकारी रक्तपेढीत रक्त मोफत मिळते. इतरत्र लाल पेशींच्या पिशवीसाठी राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेने 2022 मध्ये प्रक्रिया शुल्काची मर्यादा खासगीत 1,550 रुपये ठरवली. जास्त मागितले तर पावती घ्या.

सवलती
रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे आणि संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. 2016 च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वात धरला आहे. या सगळ्यासाठी पक्क्या निदानाचा कागद जपून ठेवा.

गर्भनिदान
दोघेही वाहक असाल तर गरोदरपण कळताच डॉक्टरांना गाठा. वारेचा नमुना 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास घेतात. खासगीत साधारण 15 ते 30 हजार रुपये लागतात. मुंबईची राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्था आणि तिचे चंद्रपूरचे केंद्र अशा रक्ताच्या आजारांवर काम करतात.

पूर्ण बरे करणारे उपचार
जुळणारे भावंड असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण होऊ शकते. त्याला 8 ते 15 लाख रुपये लागतात. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ठराविक रुग्णालयांत 10 लाखांपर्यंत मदत मिळत आली आहे. तिची सद्यस्थिती रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा. अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या जनुकीय उपचाराची तेव्हाची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 18 कोटी रुपये होती. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेने स्वस्त देशी उपचार विकसित केला असून त्याला बिरसा मुंडांचे नाव दिले आहे, पण तो अजून रुग्णांना सर्रास मिळत नाही, म्हणून त्यासाठी आज पैसे जमवत बसू नका.

आज हाताशी असलेला सर्वांत खात्रीचा उपाय मोफत आहे. साखरपुड्याआधी दोघांचीही तपासणी करून घ्या.