नाणेफेकीआधी सरपंच काय सांगतात?



सरपंच म्हटले की आपल्याला ग्रामपंचायतीचे सरपंच आठवतात. पण कबड्डीच्या मैदानावरही एक सरपंच असतात. दोन्ही बाजूंना दोन पंच उभे राहतात, गुणलेखक गुण लिहितात, आणि या सर्वांचे प्रमुख म्हणजे सरपंच. सामना सुरू होण्याआधी ते दोन्ही संघांच्या कर्णधारांना मध्यरेषेवर बोलावतात. आपण बाहेर बसून पाहतो. आपल्याला वाटते, नाणे उडवायला बोलावले असेल. पण नाणेफेक तर शेवटी होते. त्याआधीची ती दोन मिनिटे फार महत्त्वाची असतात. ती कशी, ते या पाठात पाहू.

आधी बोलणे का लागते?

आपला हा खेळ फार जुना आहे आणि गावोगाव वेगळा खेळला जाई. आपल्या महाराष्ट्रात त्याला हुतूतू म्हणत, बंगालमध्ये हाडुडू, तर तमिळनाडूत चेडुगुडू. नियमही निरनिराळे होते. संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी परत येई. गामिनी प्रकारात सगळा संघ बाद होईपर्यंत बाद गड्याला बाहेरच बसावे लागे. अमर प्रकारात बाद झालेला गडीसुद्धा मैदानातच राही, फक्त गुण मोजला जाई. आता सांगा, एक संघ संजीवनी समजून आला आणि दुसरा गामिनी समजून आला, तर भांडण होणार की नाही?

म्हणून पुढे सर्वांसाठी एकसारखे नियम बनले. १९२३ साली बडोद्याला हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या विदर्भातील अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली आणि भारताला सुवर्णपदक मिळाले. आजच्या खेळात संजीवनीचाच नियम चालतो. पण नियम छापले म्हणून ते प्रत्येक गड्याला ठाऊक असतातच असे नाही. म्हणून सरपंच ते कर्णधाराला सांगतात.

सरपंच काय काय सांगतात?

१) तपासणी : नखे कापलेली असावीत. अंगावर कडे, अंगठी, माळ काही नको. अंगाला तेल लावलेले चालत नाही, कारण मग पकड निसटते. प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक हवा. संघाचे सात गडी मैदानात आणि बाकीचे राखीव.

२) वेळ : मोठ्या पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, महिलांचा आणि लहानांचा पंधरा-पंधरा मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. शालेय स्पर्धेत सामने जास्त असले की वेळ कमी करतात. म्हणून कर्णधाराने विचारून घ्यावे.

३) चढाई : मध्यरेषा ओलांडण्याआधीच ‘कबड्डी’ म्हणायला सुरुवात करावी. चढाई तीस सेकंदांची. एका वेळी एकच गडी जाईल.

४) रेषा : मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा आणि दोन्ही बाजूंच्या लॉबी कुठे आहेत ते सरपंच हाताने दाखवतात. झटापट झाली नसेल तर लॉबीत पाय पडला की गडी बाद. झटापट सुरू झाली की मात्र लॉबी मैदानात धरली जाते.

५) बोलणे : पंचांना काही विचारायचे असेल तर ते कर्णधाराने, आणि नम्रपणे. सातही जणांनी ओरडायचे नाही. बेशिस्तीला हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर.

६) नाणेफेक : जो जिंकेल त्याने बाजू किंवा चढाई यांपैकी एक मागायचे. उरलेले दुसऱ्याला. उन्ह डोळ्यांवर येत असेल तर शहाणा कर्णधार बाजू मागतो. दुसऱ्या डावात बाजू बदलतात आणि पहिली चढाई दुसऱ्या संघाची असते.

खो-खोतही असेच असते. नाणेफेक जिंकणारा कर्णधार पळती घ्यायची की पाठलाग ते सांगतो. पळणारे गडी तिघा-तिघांच्या तुकडीने येतात, तो क्रमही आधी लिहून द्यावा लागतो.

बास्केटबॉल हा खेळ आपल्याकडच्या खेड्यात फारसा दिसत नाही. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी तो काढला. सज्जाच्या कठड्याला फळांच्या टोपल्या बांधल्या आणि फक्त तेरा नियम लिहिले. त्या खेळातही पंच कर्णधारांना भेटतात. तिथे नाणेफेक नसते, मैदानाच्या मध्यावर चेंडू वर उडवून सुरुवात होते. पण चेंडू थांबलेला असताना कर्णधाराने सभ्यपणे पंचांना विचारावे, हा नियम तिथेही आहे. म्हणजे खेळ कोणताही असो, कर्णधार हा पंच आणि गडी यांच्यामधला पूल आहे.

आता माझी चूक

हा पाठ मी पुस्तक पाहून लिहिला असता तर एवढ्यावर संपवला असता. पण मला एक गोष्ट सांगायची आहे.

मागच्या हिवाळ्यात आमचा संघ केंद्राच्या स्पर्धेला गेला होता. धान कापून झालेल्या बांधीत मैदान आखले होते. कर्णधार मी होतो. सरपंचांनी मला आणि दुसऱ्या कर्णधाराला बोलावले. वर सांगितलेले सगळे त्यांनी सांगितले. लॉबी तर दोनदा दाखवली. पण माझे सारे लक्ष त्यांच्या हातातल्या नाण्याकडे. मी नुसता “हो गुरुजी, हो गुरुजी” म्हणत राहिलो. नाणेफेक जिंकलो, उड्या मारत परत आलो आणि गड्यांना एवढेच सांगितले, “आपली चढाई!”

आता आमच्या गावात आम्ही राखेने मैदान आखतो. त्याला बाजूला एकच रेषा असते. लॉबी आम्ही कधी आखतच नाही. तिथे मात्र दोन रेषा होत्या. आमचा सगळ्यात चपळ गडी पलीकडच्या पाड्यावरचा. घरी माडिया बोलतो. मराठी त्याला समजते, पण घाईघाईतली नाही. शेवटची चढाई त्याची होती आणि गुण बरोबरीत होते. कोणालाही स्पर्श न होता तो पकडीतून सुटायला बाजूला सरकला आणि आतली रेषा ओलांडून लॉबीत गेला. पंचांनी शिट्टी वाजवली. गडी बाद. आम्ही एका गुणाने हरलो.

परत येताना सगळे त्यालाच बोलत होते. “काऊन गेला रे तिकडं? रेघ नाई दिसली का तुले?” तो रडत म्हणाला, “माले कोनी सांगतलंच नाई.” मला माहीत होते की तो खरे बोलतो. पण मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवसापासून तो खेळायला आलाच नाही.

आठ दिवस मला बरे वाटले नाही. मग मी गुरुजींना खरे सांगितले. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, “पंचांनी तुझ्या कानात सांगितले, म्हणजे सात जणांना सांगितले असे त्यांनी धरले. तो निरोप तू वाटेत टाकलास. आता तो पोचव.” मी सगळ्या संघासमोर माझी चूक कबूल केली आणि मग त्याच्या घरी गेलो. त्याची आई मोहाच्या झाडाखाली बसली होती. तिने मला पाणी दिले. मी त्याला सांगितले, “चूक तुझी नव्हती, माझी होती.” तो लगेच काही बोलला नाही. पण सोमवारी मैदानावर आला.

आता आम्ही लॉबीसह मैदान आखतो. सामन्याआधी मी ऐकून येतो, सर्वांना गोल उभे करून सांगतो, आणि तो पाड्यावरच्या गड्यांना माडियात सांगतो. मग प्रत्येकाने एकेक नियम परत म्हणून दाखवायचा. दोन मिनिटे लागतात.

लक्षात ठेवा

• कर्णधाराने आधी ऐकावे, न समजल्यास विचारावे, मग नाणे पाहावे.
• ऐकलेले सर्व गड्यांना, त्यांना समजेल अशा बोलीत सांगावे.
• हरल्यावर एकाला दोष देण्याआधी, त्याला कोणी सांगितले होते का, हे पाहावे.

पालकांनो, सामना पाहायला आलात तर बाहेरून ओरडून सूचना देऊ नका. नियमाने ते चालत नाही आणि आम्ही गोंधळतो. टाळ्या मात्र जरूर वाजवा, दोन्ही संघांसाठी.

स्वाध्याय

१) नाणेफेक जिंकणाऱ्याला कोणत्या दोन गोष्टींतून एक निवडता येते?
२) लॉबी मैदानात केव्हा धरली जाते?
३) तुमच्या गावात कबड्डीचे कोणते वेगळे नियम होते ते आजोबांना विचारून लिहा.

— एक कर्णधार, इयत्ता सातवी