कॉर्ड पाठ होतात, पण कळत नाहीत

प्रश्न : गावच्या भजनात मी पेटी वाजवतो. आता गिटार घेतली आहे. कॉर्डच्या आकृत्या पाठ केल्या, पण त्याच तारा तिथेच का दाबायच्या, हे उमगत नाही.
– एक वाचक, विंझर (जि. पुणे)

उत्तर : तुम्हाला पेटी येते, म्हणजे अर्धं काम झालंच आहे. पांढरी एकला सा धरा आणि सा, शुद्ध ग, प एकदम दाबा. हीच सी मेजर. सा ते ग चार पट्ट्या, ग ते प तीन पट्ट्या. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजायच्या. आता शुद्ध गऐवजी कोमल ग, म्हणजे काळी दोन घ्या; झाली सी मायनर. मेजरमध्ये कोमल नी मिळवला की सेव्हन्थ.

गिटारवर एक पडदा म्हणजे पेटीची एक पट्टी. तारा सहा आणि स्वर तीनच, म्हणून तेच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत पुन्हा येतात. ई मेजर धरा आणि तिसऱ्या तारेवरचं बोट उचला. शुद्ध गचा कोमल ग होतो आणि ई मायनर वाजते. बाकी बोटं जागची हलत नाहीत.

गायक काळी एकमध्ये गात असेल, तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावा आणि सी मेजरचीच बोटं ठेवा.

यापुढे नवी कॉर्ड आधी पेटीवर शोधा, मग गिटारवर धरा. पाठांतराची गरज आपोआप कमी होईल.